घरचा संगणक आणि दूरचे शेजारी

संगणक अडून बसला म्हणजे घरांत जी एक सुतकी शांतता पसरते, तिचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरलेला, वडिलांचा पीकविम्याचा कागद आंत अडकलेला, आणि पडद्यावर इंग्रजींत अशी एक ओळ कीं जिचा अर्थ कोणालाच लागत नाहीं. वाशीम किंवा कारंजा येथें दुरुस्तीचें दुकान सांपडतें. परंतु मानोरा किंवा मालेगांव तालुक्यांतील एखाद्या आडगांवच्या माणसानें तें धूड एस. टी. मध्यें मांडीवर घेऊन किती वेळां जावें? म्हणून आंतरजालावर, ओळख ना पाळख अशा माणसांपुढें आपली अडचण मांडण्याची चाल पडली आहे. ती चाल मला फार चांगली वाटते. मात्र विचारणें ही एक विद्या आहे, आणि आज मला बोलावयाचें आहे तें तिच्याविषयींच.

मराठी माणसाला ही चाल अगदीं नवी नाहीं. ‘मायबोली’ हें संकेतस्थळ १९९६ सालीं सुरू झालें, मराठी विकिपीडिया २००३ सालीं. त्या विकिपीडियावर सदस्य एकत्र जमून बोलतात त्या पानाचें नांवच ‘चावडी’ आहे. नांव ज्यानें ठेवलें त्याला आपल्या गांवची रीत ठाऊक होती, असें म्हटलें पाहिजे.

आतां एक हकीकत सांगतों. मानोरा तालुका म्हणजे पोहरादेवीचा तालुका. बंजारा समाजाची ती काशी. तेथील एका तांड्यावरच्या सेवानिवृत्त गुरुजींनीं होळीच्या दिवसांत गाइल्या जाणाऱ्या लेंगी गीतांचा संग्रह केला होता. गोरमाटी बोलीला स्वतःची अशी लिपि नाहीं. गुरुजींनीं तीं गीतें देवनागरींत उतरविलीं आणि २००४ च्या सुमारास एका टंकलेखनाच्या दुकानांत संगणकावर चढविलीं. पुढें गुरुजी वारले. वह्या एका पावसाळ्यांत भिजून गेल्या. मुलीनें तबकडींतील फाईल घरच्या संगणकावर उघडली, तों देवनागरीचें एकहि अक्षर नाहीं! ओळींमागून ओळी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. एका दुकानदारानें पाहिलें आणि निदान केलें, ‘फाईल सडली, पुसून टाका.’

तिनें पुसली नाहीं. आंतरजालावर विचारलें: ‘फाईल उघडत नाहीं, कृपया मदत करा.’ दोन दिवस कोणी फिरकलें नाहीं, आणि मला त्यांत नवल वाटत नाहीं. वैद्यापुढें रोगी निदान जीभ तरी दाखवितो. येथें उत्तर देणाऱ्याला आपलें यंत्र दिसत नाहीं, कीं आपला चेहराहि दिसत नाहीं. शिवाय विधान खरें नव्हतें. फाईल उघडत होती, वाचतां येत नव्हती. आणि सारें निदान एवढ्याच फरकावर अवलंबून होतें.

असें पुष्कळदां होतें. कोणी लिहितो, ‘बँकेचें पान उघडत नाहीं, इंटरनेट बंद पडलें.’ जाणता माणूस उलट विचारतो, कोपऱ्यांतलें घड्याळ काय सांगतें? पाहावें तों घड्याळ कैक वर्षें मागें गेलेलें. सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते. संगणकाच्या लेखीं ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो पान नाकारतो. आणि घड्याळ मागें जातें, कारण आंतल्या पाटावरची ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपलेली असते. तिच्यावरील २०३२ हा आंकडा म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दुखणें बॅटरीचें, आणि शिव्या इंटरनेटला!

मुलीनें दुसऱ्यांदा लिहिलें तें निराळ्या रीतीनें. संगणक कोणता, फाईल कोणत्या सालची, कशांत उघडली, पडद्यावर काय दिसलें, त्यांतील पहिल्या दोन ओळी अक्षरशः जशाच्या तशा. आणि आपण काय काय करून पाहिलें तेंहि. घरांत एका गीताचा जुना छापील कागद उरला होता, त्याचें छायाचित्र तिनें शेजारीं ठेवलें. भाषा मराठीच. इंग्रजी येत नाहीं म्हणून पुष्कळ जण विचारावयाचें टाळतात, तें मला पटत नाहीं. पडद्यावरची इंग्रजी ओळ मात्र जशी असेल तशी उतरवावी, तिचें भाषांतर करूं नये.

त्याच रात्रीं दोन उत्तरें आलीं. पहिलें खासगी होतें: ‘एक ॲप घाला, मी तुमच्या संगणकांत शिरून सगळें नीट करतों.’ ज्याला आपण बोलाविलें नाहीं आणि ज्याला चारचौघांत उत्तर द्यावयाचें नाहीं, अशा माणसाला घरांत घेऊं नये. अशा वाटेनें बँकेंतील पैसे जातात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. चावडीवर दिलेलें उत्तर दहा जण वाचतात, चूक असेल तर दुसरा बोलतो. हीच तेथली खरी सुरक्षितता.

दुसरें उत्तर सर्वांसमक्ष आलें. फाईल सडलेली नाहीं, असें त्या गृहस्थानें लिहिलें होतें. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत देवनागरीचीं रूपें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. ‘भारत’ लिहिलें म्हणजे आंत साठविलें जाई तें मोठा एच, के, के, जे, आर. टंक हजर असेल तर ‘भारत’ दिसावें, नसेल तर इंग्रजीचा काला. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तिच्यांत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या ‘अ’ चा २३०९. मूळ फाईलला हात न लावतां तिची प्रत करा, आणि ती रूपांतरकांत घाला, म्हणजे देवनागरी परत येईल.

देवनागरी परत आली. पण शुद्ध नव्हे. जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं ठेवलेली असते आणि रफार मागून. युनिकोडमध्यें उच्चाराचा क्रम असतो. त्या उलटापालटींत कांहीं वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. मराठीचा शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम येथें कुचकामी, कारण शब्द गोरमाटीचे. तेव्हां मुलीनें छापील प्रत काढली आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना जमवून एकेक ओळ वाचून दाखविली. वेलांटी चुकली कीं त्या हंसत, आणि ओळ गाऊन दाखवीत.

काम उरकल्यावर तिनें त्या पानावर पुन्हां जाऊन लिहिलें: कोणता उपाय लागू पडला, कोणतीं अक्षरें हटकून चुकतात, तीं कशीं ओळखावीं. हें शेवटचें लिहिणें बहुतेक जण विसरतात. काम झालें कीं मंडळी पांगतात. तिच्या त्या टिपणाखालीं पुढें दुसऱ्या एकानें विचारलें आहे, ‘माझ्या आजोबांचीं कीर्तनें अशींच अडकलीं आहेत. टंक कोणता तें कसें ओळखूं?’