हलका हात

मघापासून पंख-मुकुट लावून विंगेत खोळंबलेल्या मुलांनो,

आधी तुमचा नाच की आधी माझं भाषण, हे तुम्हाला विचारलं असतं तर मी आत्ता खाली बसून टाळ्या वाजवत असते. म्हणून थोडक्यात बोलते.

मी उत्तनची. कोळ्याच्या घरातली, ख्रिस्ती, आणि 34 वर्षं नर्स. बोलावणं करायला आलेल्या तुमच्या बाई म्हणाल्या, "नाताळ नुकताच झालाय, तुमच्या धर्मातलं एखादं चांगलं मुलांना सांगा." मी म्हटलं, सौम्यपणाबद्दल बोलते. घरी हे कळल्यावर माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याचं बरोबर आहे. आमची आई भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. भावाच्या वाट्याला होडी आली, माझ्या वाट्याला ते तोंड.

नर्सिंगला आम्ही पहिलं इंजेक्शन दिलं ते संत्र्याला. संत्रं ओरडत नाही. पहिल्या माणसाला द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात थरथरला. त्याला दुखू नये म्हणून मी सुई हळूहळू सरकवली आणि तो बिचारा वॉर्ड दणाणेल असा ओरडला. आमच्या सिनियर सिस्टरनं नंतर मला बाजूला घेतलं. आधी पेशंटशी दोन शब्द बोल, जागा चाचपून बघ, कातडी ताणून धर आणि मग कचरू नकोस, म्हणाली. लोक तिच्याच हातून इंजेक्शन मागायचे. "त्या सिस्टरचा हात हलका आहे," म्हणायचे. हलका म्हणजे ढिला नाही बरं का. औषध पूर्ण जायचं, सुई जिथे जायची तिथेच जायची. आणि असा हात कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. शेकडो दंडांवर तो कमवावा लागतो.

हात मी कमावला. जीभ मात्र तशीच राहिली.

एका रात्री वॉर्डात मी एकटी, पेशंट भरपूर. एका म्हाताऱ्या बाबांचा मुलगा दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, "सिस्टर, सलाईन संपत आलं का?" पाचव्यांदा आला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढी घाई आहे तर तुम्हीच लावा, मी घरी जाते." तो गप्प झाला. पहाटे त्यानं खालच्या टपरीवरून चहा आणला, एक कप माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता बापाच्या पायाशी जाऊन बसला. तो चहा मला गिळवेना. पुढच्या रविवारी कन्फेशनला मी हे सांगितलं. वाटलं, फादर प्रार्थना म्हणायला सांगतील नि सोडतील. फादर म्हणाले, त्यालाच भेट. मी गेले तोवर बाबांना घरी सोडलं होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. थंड हात पेशंटच्या अंगाला लावू नये म्हणून आम्ही आधी तळवे एकमेकांवर चोळतो. कुणाला टोचून बोलायची हुक्की आली की मी तेच करते, तळवे चोळते. तेवढ्यात अर्धं वाक्य विरघळतं. उरलेलं अर्धं बहुतेक वेळा गरजेचं असतं, ते मी बोलते.

आमच्या बायबलमध्ये सौम्यपणावर पुष्कळ लिहिलंय, पण मला सगळ्यात जवळची वाटते ती एका कानाची गोष्ट. येशूला रात्री धरायला माणसं येतात. त्याचा शिष्य पेत्र तलवार उपसतो आणि मुख्य याजकाच्या नोकराचा कान छाटतो. पेत्र कोण? कोळी! आमचाच माणूस, आधी हात चालवणार, मग विचार करणार. येशू त्याला थांबवतो. कान कापल्याचं चारही शुभवर्तमानांत आहे, पण येशूनं हात लावून तो कान बरा केला, हे एकटा लूक सांगतो. आणि लूक वैद्य होता असं परंपरा मानते. दवाखान्यातल्या माणसाच्याच नजरेत ती जखम राहिली असणार, असं आपलं मला वाटतं. धरायला आलेल्यांपैकीच एकाची मलमपट्टी करून तो अटक झाला! आणि हाच येशू काही दिवस आधी देवळात पैसे बदलणाऱ्यांची मेजं उलथून आला होता. तेव्हा सौम्य माणूस म्हणजे कशालाही मान डोलावणारा माणूस, असं मला कुणी सांगू नये.

आपल्या खाडीपलीकडे वसईत असा एक माणूस होऊन गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. वसईची हिरवी वाडी वाचवायला 'हरित वसई संरक्षण समिती'तून ते बड्या धेंडांच्या विरोधात उभे राहिले. 2019मध्ये मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, त्या खुर्चीवर बसणारे पहिले ख्रिस्ती. काहींना ते रुचलं नाही, धमक्यांचे फोन आले. तब्येत बरी नसतानाही जानेवारी 2020मध्ये ते उस्मानाबादला गेले आणि वाढत्या असहिष्णुतेबद्दल जे बोलायचं ते मंचावरून स्पष्ट बोलले. औषध पूर्ण गेलं. 25 जुलै 2024ला ते गेले.

आता घरातलं बोलते. 2025मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला थोबाडीत मारली गेली, मग एकामागून एक दोन बाजूंचे मोर्चे निघाले. तुमच्यातल्या कितीजणांनी त्या मारहाणीचा व्हिडिओ पाहिलाय, हात वर करू नका, मला माहीत आहे. मराठी माझ्या आईची भाषा. आमची चर्चमधली मिस्सा मराठीत, भांडणं मराठीत, रडणं मराठीत. इथे वर्षानुवर्षं राहून मराठीचे चार शब्द कानावर न घेणाऱ्याचा मलाही राग येतो, शेजाऱ्याकडे ढुंकून न बघण्यासारखंच ते आहे. पण थोबाडीत खाऊन कुणाला एखाद्या भाषेची गोडी लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

वॉर्डात गावोगावची माणसं यायची. "दुखतंय का?" एवढं मी पाच भाषांत विचारायला शिकले. एक गुजराती आजी होत्या, पायाच्या ऑपरेशनच्या. रोज ड्रेसिंग करताना मी विचारायची, "दुखे छे?" त्या माझ्या उच्चाराला हसायच्या आणि "हा, दुखे छे" म्हणायच्या. घरी जायच्या दिवशी मी शेवटची पट्टी सोडत होते. विचारायच्या आधीच आजी माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच, चोरून पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "सिस्टर, आज दुखत नाय."