चेहरा पांढराफटक पडतो तेव्हा

सावळ्या कातडीवर फिकेपणा चटकन ध्यानात येत नाही. म्हणून खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग पाहा. ओठ, जीभ, नखं, तळहातही पाहा. हा सगळा भाग लालसर-गुलाबी हवा.

फिकेपणा हळूहळू वाढला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गर्भवतीचं हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली गेलं, तर तो तीव्र रक्तक्षय. तिला रुग्णालयातच न्यायला हवं.

पण माणूस अचानक पांढराफटक पडला, थंड घाम सुटला, छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपू लागली, तर वेळ दवडू नका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव हीही तातडीचीच लक्षणं. एकच हात किंवा पाय पांढरा, गार पडून दुखू लागला, तर तिथली रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत. अशा लेकराचा चेहरा एकाएकी फिका पडला आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर रक्त प्लीहेत साचत असू शकतं. काही तासांतच जिवावर बेततं.

यांपैकी कोणतंही तातडीचं लक्षण दिसलं, तर लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा. रुग्णाला आडवं निजवा. धाप असेल तर टेकून बसवा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. खायला-प्यायला काही देऊ नका. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय असो की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, जवळचं गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.