कृष्णामाईचा वाटा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा परिपाठ आहे. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपट आणि मागणीपत्रे वाचता वाचता पोथी वाचावयास शिकलो. तेव्हा कृष्णामाईची कथा आम्ही आमच्या रीतीने लावणार, हे आधीच सांगून टाकतो.

कथा आपणांस ठाऊकच आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. सावित्रीला यावयास उशीर झाला, मुहूर्त टळू लागला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसविले. सावित्री आली, आपली जागा भरलेली पाहिली आणि तिने शाप दिला : नद्या व्हाल! विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा, आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. सावित्री स्वतःही नदी होऊन कोकणात उतरली. महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणाऱ्या धारेला भाविक हात जोडतो, आम्हीही जोडतो. पण त्याबरोबर ध्यानात ठेवतो की, या नद्यांचा जन्मच तंट्यातून झाला, आणि तंटा हक्काच्या जागेचा होता. मुहूर्ताची घाई झाली म्हणून हक्कदाराला वगळले!

ही घाई पुराणात संपली नाही. कोयना निसर्गतः पूर्वेस, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाकडे वाहते. धरण बांधून तिचे बरेचसे पाणी डोंगरातल्या बोगद्यांनी पश्चिमेस, पोफळीच्या वीजघराकडे वळविले. त्या विजेवर कारखाने चालले, आमच्या चुली पेटल्या, हे आम्ही कसे नाकारू? पण ज्यांची घरेदारे शिवसागराखाली गेली, त्यांतील कित्येकांची मुलेनातवंडे अजून पुनर्वसनाचे अर्ज घेऊन हिंडत आहेत.

पुढे राज्याराज्यांत भांडण लागले. 1969 साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याच्या 1976 च्या अंतिम आदेशाने महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 आणि आंध्र प्रदेशास 800 अब्ज घनफूट पाणी ठरले. दुसऱ्या लवादाने 2010 साली अलमट्टीची पातळी 519.60 वरून 524.256 मीटर करण्यास मान्यता दिली. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांच्या पोटात त्या आकड्याने गोळा येतो. आणि त्याच सांगली जिल्ह्यात जतच्या सीमेलगतच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली! एकीकडे छपरापर्यंत पाणी, दुसरीकडे टँकरची वाट. राज्याचा वाटा ठरला. राज्यातल्या माणसाचा कोणी ठरवावयाचा?

आमच्या घरचाही तंटा सांगतो. एका साखर कारखान्याच्या दारसभेत मळीमिश्रित पाण्याचा विषय निघाला. नदीत मासे मरत होते. कामगार म्हणाले, "साहेब, तक्रार केली तर कारखाना बंद होईल, पगार कोण देणार?" प्रश्न खरा होता. त्यांचीच मुले खालच्या गावात ते पाणी पीत होती, हेही खरे होते. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. अखेर मागणीपत्रात दोन कलमे जोडीने घातली : सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा तिन्ही पाळ्यांत चालवा, आणि कारखाना त्यापायी बंद राहिला तर त्या दिवसांचा पगार कापू नका. पहिल्या कलमावर व्यवस्थापन लवकर राजी झाले. दुसऱ्यासाठी आम्हांला दोन हंगाम झगडावे लागले.

1982 च्या संपात मुंबईच्या गिरण्यांतून खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी गावकऱ्यांबरोबर दुष्काळाचा प्रश्न हाती घेतला. त्या चळवळीतून येरळा नदीवर बळीराजा धरण उभे राहिले. तेथे तत्त्व मांडले गेले ते असे की, ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क आहे. आमच्या मते कृष्णेच्या काठी गेल्या शंभर वर्षांत याहून मोठे पुण्यकर्म थोडेच झाले असेल.

कन्यागतात बारा वर्षांनी गंगा कृष्णेला भेटावयास येते, अशी श्रद्धा आहे. तिने अवश्य यावे. पण तोवर आपण पाणी वाटपाच्या बैठकीत जतचा शेतकरी, कोयनेचा विस्थापित, कारखान्याचा कामगार आणि घागर घेऊन उभी असलेली बाई यांना जागा देऊ या. त्यांना यावयास उशीर झाला तर मुहूर्त थोडा थांबवावा. एकदा न थांबल्याचे काय झाले, ते पुराणात लिहिलेलेच आहे.