यंत्राचे निदान आणि आपली प्रज्ञा
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, ही धम्माची शिकवण. चांगल्या कारागिराची रीतही हीच. आधी लक्षण, मग कारण, मग उपाय.

आता या निदानाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ट्रान्सफॉर्मरचेच उदाहरण घ्या. आत बिघाड सुरू झाला की तेलात वायू विरघळू लागतात. ॲसिटिलीन वाढला तर आत ठिणग्या पडत असाव्यात, इथिलीन वाढला तर तेल फार तापत असावे, असा अंदाज बांधतात. जुन्या असंख्य नोंदी दाखवून संगणकाला ही लक्षणे ओळखायला शिकवता येते. वेळीच इशारा मिळाला तर मोठे नुकसान टळते. मात्र जो बिघाड नोंदीतच नाही, तो ओळखताना हा संगणक फसू शकतो.

गडचिरोलीकडच्या एका गावात माझ्या विद्यार्थ्याची पाण्याची मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. त्याने मोबाईलवर विचारले. उत्तर आले, कपॅसिटर बदला. त्याने पैसे खर्चून बदलला, मोटर तशीच! मग मीटर लावला. २३० व्होल्टच्या जागी जेमतेम १६० व्होल्ट येत होते. मोबाईलने दाब विचारला नाही, यानेही मोजला नाही. शिवाय वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, हे त्याला ठाऊक नव्हते. पैसे गेले, जीव वाचला.

तथागतांनी कालामांना सांगितले, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखा. मोबाईल सांगतो, हेही त्यातच धरा.

मित्रहो, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषयही बाबासाहेबांकडे होता. आज आपल्या जिल्ह्यात २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र उभे आहे. पण निदान दुसऱ्याने करायचे आणि पाना आपण धरायचा, असेच पुष्कळदा घडत आले. ही नवी विद्या ती रीत मोडू शकते, किंवा अधिक घट्टही करू शकते. म्हणून आयटीआयच्या मुलामुलींनो, मीटर वाचायला शिका, प्रत्येक बिघाडाची नोंद वहीत ठेवा आणि संगणकही शिका. यंत्राला प्रश्न विचारा, पण निर्णय आपल्या प्रज्ञेने घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!