म्हाताऱ्या कमरेचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज बोलायचं आहे ते पुढं बसलेल्या पागोटेवाल्यांशी. बसताना 'आई गं' आणि उठताना 'अरे देवा' म्हणणाऱ्यांशी. मीही त्यातलाच, वय ६८.

योगासनाचं नाव काढलं की आपली माणसं हसतात. "दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कसला योग? ती पोट सुटलेल्यांची कामं." माझी कंबर धरेपर्यंत मीही हेच म्हणत होतो. पण हिशेब मांडा. निंदण वाकून, वेचणी वाकून, ज्वारीची सोंगणी वाकून, पऱ्हाटी उपटायची तीही वाकून. चाळीस वर्षं पाठ पुढंच मोडली, मागं कधी वळवली? मेहनत झाली, व्यायाम झाला नाही. जू घासून बैलाच्या खांद्याला गाठ येते, तिला कोणी तालीम म्हणत नाही.

ही गंडादोऱ्याची गोष्ट नव्हे. १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी तपासायला घेतलं. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनं २०२२ साली जुनाट कंबरदुखीबद्दल सांगितलं, की योगानं दुखणं थोडं कमी होतं, हालचाल थोडी सुधारते. इतर व्यायामांइतकंच. चमत्कार नाही, पण खर्चही नाही.

कमरेसाठी सकाळी पालथं पडून भुजंगासन. छाती जमेल तितकीच उचला, नागाची बरोबरी नको. मग उताणं होऊन एकेक गुडघा पोटाशी. झालं.

खरी भीती पडण्याची आहे. साठीनंतर पायातलं बळ उतरतं, तोल जातो. त्यात पुरुषाची प्रोस्टेटची गाठ वाढते, रात्री तीनतीनदा लघवीला उठावं लागतं. अंधार, उंबरठा, पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं. मग ऑपरेशन, उधारी, आणि सुनेच्या डोक्यावर महिनोन् महिने बाज. एका घसरण्यात पऱ्हाटीचं सगळं पीक जातं. म्हणून रोज दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहा, वृक्षासनासारखं. आधी दहा आकडे मोजा, मग वीस. रात्री उठताना बाजेच्या कडेला बसून दहा श्वास घ्या, मगच पाय टाका. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, घेरी येते.

गाठ मात्र आसनानं जात नाही. लघवी अडली किंवा लघवीतून रक्त आलं तर लाजू नका, डॉक्टर गाठा. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जायचं नाही, श्वास कोंडून धरायचा नाही. आणि फवारणीचं विष प्राणायामानं निघतं असं कोणी सांगितलं, तर त्याच्या हातात पंप द्या!

भ्रामरीनं कर्जाचा आकडा उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रात्री दोनला तोच आकडा डोक्यात फिरत असतो, तेव्हा सावकाश श्वास सोडत भुंग्यासारखा आवाज काढला की माझा तरी डोळा लागतो. म्हातारी आधी हसायची. आता शेजारी बसून तीही करते.

सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळू नका. बंड्या जुंपायला अवकाश आहे. थांबतील त्यांना करून दाखवतो.