म्हातारी माणसं, आपण आणि मोबाईल
(वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी शाळा फार शिकलेलो नाही. सूतगिरणीत पाळ्या करता करता जे वाचलं, जे भोगलं, तेच बोलतो.

माझी आई गावी एकटी राहते. रोज फोन करायचो. "बरी हाय बाबा," एवढंच उत्तर. गेल्या पावसाळ्यात पुतण्याने तिला मोठा मोबाईल दिला. एकदा रात्रपाळी संपवून व्हिडिओ कॉल केला आणि म्हणालो, "आई, मोबाईल खाली धर, पाय दाखव." पाय सुजलेले! खोदून विचारलं तेव्हा कळलं, रक्तदाबाच्या गोळ्या संपून पंधरा दिवस झाले होते. पोराला खर्च नको म्हणून बोलली नाही. नुसत्या आवाजावर मी फसत होतो.

पण बांधवहो, तिला दवाखान्यात नेलं ते शेजारच्या वहिनीने. मोबाईल दाखवतो, पण पाण्याचा तांब्या हातात देत नाही. म्हणून शेजाऱ्याचा नंबर आधी घ्या.

कॉलची वेळ ठरलेली असावी. उजेडात बसा, हळू बोला. कमी ऐकणाऱ्याला आपले ओठ दिसले पाहिजेत. "जेवलीस का?" एवढ्यावर थांबू नका, गोळ्यांचं पाकीट दाखवायला सांगा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं. मात्र छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर व्हिडिओत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

याच व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश घालून चोरही येतात. "तुम्हाला डिजिटल अटक झाली, पैसे भरा," म्हणतात. अशी अटक कायद्यात नाहीच! फोन ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा. ज्येष्ठांना इतर अडचणीसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे. हे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा.

तरुणांनो, मी वर्गणी मागत नाही, रविवारचा एक तास मागतो. प्रत्येकाने वस्तीतली दोन घरं वाटून घ्या. तिथल्या आजी-आजोबांना कॉल उचलायला शिकवा, एकदा नव्हे, दहादा शिकवा, चिडू नका. आपल्याला चालायला शिकवताना ती कंटाळली नव्हती.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!