दाणा आणि वळण



मानसशास्त्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. पण बक्षीस दाखवून माणसाकडून काम कसे काढून घेतात, हे पाहण्यात आमची हयात चालली आहे. म्हणून स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाची पुस्तके आम्ही हट्टाने वाचली.

१९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, मिनियापोलिस शहरातल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर स्किनर आणि त्यांचे दोन सहकारी एका कबुतराला शिकवू लागले. त्याने चोचीने लाकडी चेंडू टोलवावा, अशी इच्छा. टोला बसला की दाणा द्यायचा, असे ठरवून मंडळी वाट पाहत राहिली. कबुतर ढिम्म! जे घडतच नाही त्याला बक्षीस द्यायचे कसे? तेव्हा त्यांनी अट सैल केली. चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा. पुढे पाहणे पुरेना. चोच जवळ नेली तर दाणा. असे करत काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. छडी नाही, आरडाओरडा नाही. मात्र दाणा त्याच क्षणी पडला पाहिजे. उशीर झाला आणि तेवढ्यात कबुतराने मान वळवली, तर बक्षीस मान वळवण्याला जाते!

इथवर शिक्षक मंडळी खूष होतील. आमची काळजी पुढची आहे. दर टोचीला दाणा न देता दहा टोचींना, मग पन्नासांना, असे बेताबेताने वाढवत नेले, तर कबुतर एका दाण्यासाठी शेकडो वेळा चोच मारते. नगावरच्या मजुरीशी ही तुलना खुद्द स्किनरनीच केली आहे. उडी एकदम मोठी घेतली, तर मात्र ते चोच मारणेच सोडते. १९२८ साली मुंबईच्या मालकांनी दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायला सांगितले. इतर कारणांबरोबर तेही भडकले, आणि गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या. खरी पंचाईत होते ती पाच नग आज, पाच दिवाळीनंतर, अशा वाढीने. तिच्यावर गेटसभा भरत नाही.

म्हणून नव्या सभासदाला आम्ही वही देतो. तारीख, नग, हाती आलेले पैसे. पहिल्या आठवड्यात नुसती तारीख लिहून आणली तरी चहा पाजतो. पुढे नगाचा आकडा असेल तरच. महिना-दोन महिन्यांत वही चहावाचूनही भरू लागते, आणि तीच घेऊन आम्ही व्यवस्थापकासमोर बसतो.